मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन कॅलिफोर्नियाचा हायवे ८९ (लेक टाहो ते माउंट शास्ता)

नमस्कार मंडळी,

आई-बाबा पुण्याहून बे एरियात आलेत. योसेमिटी उरकलं. तिथली गर्दी बघून बाबांनी "आता माणसं नकोत" असं जाहीर केल्यामुळे जूनच्या मध्यावर स्टेट रूट ८९ चा बेत शिजतोय. साउथ लेक टाहोहून निघून तळ्याच्या पश्चिम काठाने टाहो सिटी, मग ट्रकी, क्विन्सी, लेक अल्मनॉर, लासेन ज्वालामुखी उद्यान, बर्नी फॉल्स आणि शेवटी माउंट शास्ता. येताना आय-५ महामार्गाने घरी. मुक्काम करत जाणार, घाई नाही.

आईला घाटात गाडी लागते. पुढच्या सीटवर बसली की जरा बरं असतं, पण दरी दिसली की डोळे मिटून रामरक्षा सुरू! टाहोच्या एमराल्ड बे या खाडीजवळ एके ठिकाणी रस्त्याच्या दोन्हीकडे उतार आणि कठडा नाही, असं व्हिडिओत दिसतंय. नेवाडाच्या बाजूने वळसा घालू का? बाबांची अँजिओप्लास्टी झालीय, तब्येत ठणठणीत, पण उंचीचं काय? आणि लासेनचा रस्ता तोवर उघडतो का?

घाटवेडा: वळसा नको, दौराच उलटा करा. आधी आय-५ ने शास्ता गाठा आणि दक्षिणेला या. इथे गाडी उजवीकडून चालते. उत्तरेला जाताना टाहो तुमच्या उजव्या हाताला, म्हणजे दरीकडची लेन तुमची आणि पुढच्या सीटवरच्या आईंच्या खिडकीत थेट दरी. दक्षिणेला जाताना डोंगराकडची लेन मिळते. पुढची सीटही सुटत नाही आणि दरी तुमच्या खिडकीकडे. दोन्हीकडे उताराचा तो पट्टा छोटाच आहे, तेवढी रामरक्षा चालेल.

आदल्या रात्री टाहो सिटीत राहा आणि आठच्या आत एमराल्ड बेला पोचा, नंतर पार्किंग मिळणं कठीण. पार्किंग तळ्याच्या अंगाला, म्हणजे डावीकडे वळावं लागेल. तळ्यातलं एकुलतं एक बेट, फॅनेट, वरूनच छान दिसतं. खाली व्हायकिंगशोमच्या वाड्यापर्यंत बाबांना नेऊ नका. उतरताना मजा वाटते, चढताना जीव जातो.

रानभूल: उंची कमी लेखू नका. टाहोचा काठच ६,२२५ फुटांवर आहे, आपला कळसूबाईचा माथा ५,४०० फूट. लासेनमधला रस्ता तर ८,५१२ फुटांवर चढतो. बाबांच्या डॉक्टरांना आधी विचारा आणि तिथे पोचल्याबरोबर चालायला लावू नका. तसं गाडीतूनही पुष्कळ दिसतं. सल्फर वर्क्सला रस्त्याच्या कडेलाच चिखल रटरटतो, वास मात्र नासक्या अंड्यांचा. आईंना आधी सांगून ठेवा.

हा रस्ता कधी उघडेल ते बर्फावर आहे. कधी मेअखेर, कधी थेट जुलै. बंद असला तर ओल्ड स्टेशन गावाहून हायवे ४४ धरा आणि हायवे ३६ ने चेस्टर गावाला या, पुढे परत ८९ लागतो. निघायच्या दिवशी उद्यानाची वेबसाइट आणि कॅल्ट्रान्सचं (राज्याचं रस्ते खातं) क्विकमॅप दोन्ही बघा. बर्नी फॉल्सची काळजी नको. १२९ फुटांचा धबधबा, त्याला झऱ्यांचं पाणी, खडकाच्या अंगातूनही पाझरतं. उन्हाळ्यातही आटत नाही.

अल्मनॉरकर: एक गोष्ट कुणी सांगत नाही. अल्मनॉरच्या दक्षिणेला ग्रीनव्हिल लागेल. २०२१ च्या डिक्सी वणव्यात ते गाव जवळजवळ बेचिराख झालं. त्या टापूत मैलोन् मैल जळकी झाडं दिसतात. आई-बाबांना कल्पना देऊन ठेवा, नाहीतर "निसर्गरम्य म्हणालात ना?" ऐकावं लागेल. मोबाइलला रेंज मधेमधे जाते, नकाशे उतरवून ठेवा. पेट्रोल क्विन्सीत भरून घ्या.

धागाकर्ती: घाटवेडा, लेनचं डोक्यातच आलं नव्हतं! दौरा उलटा करतेय. बाबांच्या डॉक्टरांना उद्या फोन. आता जेवणाचं सांगा. शास्ता ते ट्रकी शाकाहारी काही मिळेल, की दशम्या, चटणी आणि कुकर घेऊनच निघू?

रानभूल: कुकर घ्याच. खोली बुक करताना किचनेट मागा.