मदत हवी आहे: तीन ॲप, तीन अंदाज. शुक्रवारी माल टाकू की थांबू?

वाळवण (बुधवार, रात्री ९:४०)
तातडीनं सांगा. फोनमध्ये तीन ॲप आहेत. एक म्हणतं शुक्रवारी ७० टक्के पाऊस, दुसरं नुसतं ढगाळ दाखवतंय, तिसऱ्यात कडक ऊन. शुक्रवारी माल टाकायचा ठरलाय, टोळी सांगून झालीय, उद्या दुपारपर्यंत त्यांना हो-नाही कळवायचंय. कोणतं ॲप बघायचं ते एकच सांगा. पैसे भरून घ्यावं लागलं तरी चालेल. गेल्या वर्षी एका ॲपच्या भरवशावर राहिलो आणि दोन रॅक काळे पडले. परत तो मार सोसायची ताकद नाही.

नाशिकची_बाग
माल म्हणजे कांदा का? गाव कुठलं? आमच्याकडे निफाडला मी मेघदूत ॲप बघते. त्यात जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला मराठीत येतो, मंगळवारी आणि शुक्रवारी. शुक्रवारचा येईपर्यंत तुम्हाला उशीर होईल, कालचा उघडून वाचा. आणि कांदा काढला असेल तर पातीनं झाकून ठेवा.

वाळवण
कांदा नाही हो ताई. रॅक म्हटलं ना.

अबोली
रॅक म्हणजे मशरूम का? त्याला पावसाची काय भीती, ते तर खोलीत असतं.

कृष्णाकाठ
बेदाणा आहे त्यांचा, शेडमध्ये जाळ्यांच्या रॅकवर द्राक्षं वाळत घालतात. भावा, गाव सांग की आधी. तासगाव का कवठेमहांकाळ? द्राक्ष किती टन? शेडमध्ये आधीचा माल आहे का? ताडपत्री किती बाजूंना पुरते? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

वाळवण
तासगावच्या पूर्वेला. ४ टन द्राक्ष, म्हणजे टनभर बेदाणा धरा. आधीचे दोन रॅक सहाव्या दिवसात आहेत. चारी बाजूंना शेडनेट, ताडपत्री एकाच बाजूला पुरेल एवढी. पण माझा प्रश्न ॲपचा आहे.

ओहायोकर
मी इथे अमेरिकेत वापरतो ते ॲप ‘१२ मिनिटांत पाऊस सुरू होईल’ असं सांगतं आणि खरंच तेराव्या मिनिटाला छत्री उघडावी लागते. सशुल्क आहे, पण पैसे वसूल. भारतातही चालतं बहुतेक, गावाचं नाव टाकून बघा.

ढगशोध
ॲप चालेल, अंदाज तसा येणार नाही. मिनिटांचा अंदाज रडारवरून काढतात. पाऊस दिसला की तो कुठे सरकतोय ते मोजायचं आणि पुढे ढकलायचं, एवढंच. अमेरिकेत त्यासाठी सुमारे १६० रडारचं जाळं आहे. तासगावसाठी गोव्याचं रडार धरलं तर ते दीडशे किलोमीटरच्या पलीकडे आणि मध्ये सह्याद्री. एवढ्या लांबून रडारचा झोत बराच वरून जातो, खालचं त्याला नीट दिसत नाही.

वाळवण, तुम्ही कोणती तीन बघताय?

वाळवण
एक फोनमध्ये आधीपासून होतं ते. दुसरं विंडी. तिसरं पोरानं टाकून दिलंय, नाव बघावं लागेल.

ढगशोध
मग हे तीन अंदाज एकमेकांशी भांडत नाहीयेत, तीन वेगळ्या गणितांची उत्तरं आहेत. विंडीत तळाशी मॉडेल, म्हणजे अंदाजाचं गणित, बदलता येतं. मॉडेल नकाशाचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनाला एकच आकडा देतं. युरोपीय मॉडेलचा चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा, अमेरिकी जीएफएसचा १३ किलोमीटरचा. त्या चौकोनाचा आकडा तुमच्या गावाच्या नावाखाली छापतात, म्हणून तो गावाचा वाटतो. मार्चमधला वळीव दुपारी तापून उठतो, पाच-दहा किलोमीटरचा पट्टा झोडपतो आणि तासाभरात विरतो. तो शुक्रवारी नेमका कोणत्या शिवारावर उठेल हे बुधवारी रात्री कुणालाच सांगता येत नाही.

दख्खनवारा
हे जुनं झालं. २६ मे २०२५ ला भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेली, चौकोन ६ किलोमीटरचा. परदेशी ॲप कशाला उराशी धरून बसायची? सरळ हवामान खात्याचं मौसम ॲप घ्या.

ढगशोध
६ किलोमीटर हे मोठं काम आहे, मलाही अभिमान आहे. पण चौकोन लहान झाला म्हणून ढग कुठे उठणार ते ठरत नाही. खात्याचा इशारा जरूर वाचा, फक्त शब्द नीट वाचा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या चारातल्या फार तर एका केंद्रावर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. आणि पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, सगळा जिल्हा भिजणार असा नाही.

जुनाजाणता
आमचे वडील भेंडवळच्या घटमांडणीवरून वर्षाचं ठरवायचे. अक्षय तृतीयेला सगळा गाव जमायचा. ॲप नव्हती तेव्हाही शेती होत होती.

दख्खनवारा
आजोबा, घटमांडणी अक्षय तृतीयेला आणि यांचा प्रश्न परवाचा. सहा दिवस वाळलेला माल शेडमध्ये आहे माणसाचा.

जुनाजाणता
मी वडिलांची आठवण सांगितली. त्यांच्या मालाची काळजी मलाही आहे.

वाळवण
कृपा करून विषयावर या. हो की नाही?

कृष्णाकाठ
मी सांगतो, अकरा वर्षं शेड चालवतोय. तू ‘टाकू की थांबू’ विचारतोयस, जणू थांबलास तर वाचशील. थांबलास आणि पाऊस आला तर वेलीवरचा पिकलेला मणी तडकेल. मग ना बेदाण्याला ना बाजाराला. आणि आधीचे दोन रॅक तर तसेही बाजूंनी उघडेच. म्हणजे पाऊस आलाच तर तुझं नुकसान दोन्हीकडून ठरलेलं, टोळीला काहीही कळव.

गेल्या साली माझ्या शेडवर साडेचारला आला. आधी वारा फिरला, शेडनेट आत फुगलं, मातीचा वास आला, आणि आम्ही ताडपत्रीच्या दोऱ्या सोडेपर्यंत कडेच्या जाळ्या भिजल्या. सकाळी मणी हाताला चिकट, बोटानं दाबला की साल सुटतेय, चार दिवसांत तो सगळा पट्टा काळसर. मधल्या जाळ्या सोन्यासारख्या निघाल्या. पाणी वरून आलंच नव्हतं, बाजूनं आलं. तीन किलोमीटरवर मेव्हण्याच्या रानात थेंब नाही.

तेव्हा ॲपला भरणार आहेस ते पैसे उरलेल्या तीन बाजूंच्या ताडपत्रीत घाल. उद्याच.

नाशिकची_बाग
हे मात्र पटलं. आणि शुक्रवारी दुपारी दामिनी ॲप उघडून ठेवा. आमच्या टोळीतल्या बायकांसाठी घेतलं होतं मी, वीज पडायच्या भीतीनं. ते २० आणि ४० किलोमीटरच्या आतली वीज दाखवतं. वीज दिसली म्हणजे ढग उठला.

ढगशोध
अगदी बरोबर. वळवासाठी मीही हेच सांगेन. सकाळी मॉडेल बघून दिवस जोखमीचा आहे का तेवढं ठरवा. दुपारी बारानंतर मॉडेल बंद. खात्याचं उपग्रह चित्र दर अर्ध्या तासानं बघा आणि सोबत दामिनी. ४० किलोमीटरच्या कड्यात ठिपका आला की दोऱ्या सोडायला माणसं उभी करा. अर्धा-पाऊण तास मिळतो, कधी त्याहून कमी.

अबोली
पीक विमा काढलाय का? ७२ तासांत कळवावं लागतं.

वाळवण
बेदाणा शेडचा विमा वेगळा विषय आहे ताई. उद्या सकाळी मिरजेला जाऊन ताडपत्री बघतो.

वाळवण (गुरुवार, दुपारी १:१५)
तीन बाजूंची आणली. टोळीला हो म्हणालो, पण पहाटेच बोलावलंय, अकरापर्यंत डिपिंग, म्हणजे द्राक्षं द्रावणात बुडवणं, उरकून जाळ्या भरायच्या.

ओहायोकर
माझ्या ॲपमध्ये तासगाव टाकून बघितलं, शुक्रवार कोरडा दाखवतंय.

वाळवण (शुक्रवार, संध्याकाळी ६:५०)
साडेअकराला माल चढला. पावणेचारला दामिनीवर जतच्या बाजूला ठिपके, पहिले ४० च्या कड्यात, वीस मिनिटांत २० च्या आत. चारी बाजू सोडल्या. वारा एवढा सुटला की दोघांनी खालची काठी धरून ठेवली. पाऊस दहा मिनिटं, पण आडवा. आतून जाळ्यांवर हात फिरवला, कडेचा मणी कोरडा आहे. वेलीवर अजून दीड एकर बाकी आहे, तिथं सकाळी बघतो. आता ताडपत्री रात्रभर तशीच ठेवू ना? पुन्हा आला तर?

कृष्णाकाठ
नको, नको. आत ओल कोंडेल, आजचा माल ताजा आहे, घाम सुटतो त्याला. वारा येतो ती बाजू बंद ठेव, समोरची पूर्ण वर कर. आणि शेडमध्येच झोप.

वाळवण
उघडली. खाट आणलीय.