मी सोडली, नवरा अजून ओढतो. पावसाळ्यात घरात कसं निभवायचं?

अबोली (डोंबिवली):
गुढीपाडव्याला सिगारेट सोडली, आज अकरा आठवडे झाले. चौदा वर्षं ओढत होते, दिवसाला सात-आठ. माहेरी-सासरी कुणालाच माहीत नाही, फक्त नवऱ्याला. म्हणून इथे लिहितेय.

आमची ओळखच ऑफिसखालच्या टपरीवर झाली. लग्नानंतर रोज रात्री लेक झोपली की दोघं गॅलरीत जायचो. दहा मिनिटं, मोबाइल आत. दिवसभरातलं जे काही बोलायचं ते तिथेच बोललो, माझ्या बाबांच्या आजारपणाचंसुद्धा. आता तो एकटा जातो आणि मी आत ओटा पुसत राहते. तल्लफ दिवसभर येत नाही. गॅलरीचं दार सरकल्याचा आवाज आला की येते.

तरी इतके दिवस दार बंद असायचं, निभत होतं. पाऊस सुरू झाला, गॅलरीत झड येते, म्हणून तो हॉलच्या खिडकीत बसायला लागला. मंगळवारी वास थेट स्वयंपाकघरात आला. हातातलं फडकं तसंच टाकून मी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि त्याने न विचारता सिगारेट पुढे केली. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप आला. मी दोन झुरके घेतले. मग बाथरूममध्ये जाऊन दोनदा दात घासले आणि खूप रडले.

तो इतक्यात सोडणार नाही, तसं त्याने स्वच्छ सांगितलंय. मला त्याच्यामागे भुणभुण लावायची नाही. पण पाकीट फ्रिजवर, लायटर गॅसपाशी, धुवायच्या शर्टाच्या खिशात तंबाखूचा चुरा, हे सगळं रोज हाताखाली येतं. त्यात झोप उडालीय. रात्री दोन-दोन वाजतात, छातीत धडधडतं. चहा मात्र पूर्वीइतकाच आहे, पाच-सहा कप. ज्यांच्या घरी असं आहे, त्यांनी काय केलं?

सातारकर:
ताई, मी तुमच्या नवऱ्याच्या जागी आहे. बायकोने तीन वर्षांपूर्वी सोडली, मी अजून ओढतो. सुरुवातीला ती "तूही सोड" म्हणायची आणि मी हट्टाने एक जास्त ओढायचो. मग एका रविवारी तिने तीनच गोष्टी मागितल्या. घरात ओढायची नाही, पाऊस असो की थंडी. पाकीट आणि लायटर घरात दिसायला नको. आणि तिने मागितली, रडून मागितली, तरी द्यायची नाही. तिसरी अट ऐकून मला खरंच हलल्यासारखं झालं, कारण तोवर मी दोनदा दिली होती.

पाकीट तेव्हापासून स्कूटरच्या डिकीत असतं. चार मजले उतरून जावं लागतं, त्यामुळे माझ्याही कमी झाल्यात. वर आलो की हात-तोंड धुतो, शर्ट बदलतो, खिसे स्वतः झटकतो. नवऱ्याशी बोला, पण तो ओढत असताना नको. सकाळी, शांतपणे. तुम्हाला नेमकं काय हवंय ते त्याला कदाचित ठाऊकच नसेल.

माई (इस्लामपूर):
बाळ, मी सिगारेटवाली नाही, मिश्रीवाली. बारा-तेरा वर्षांची असल्यापासून लावत होते. सोडून एकोणीस वर्षं झाली. आमच्या ह्यांची विडी शेवटपर्यंत सुटली नाही. मला विडीचा त्रास नव्हता गं, शेजारी जाऊबाई तव्यावर तंबाखू भाजायला लागल्या की जीव कासावीस व्हायचा. मी तेवढा वेळ परसात जाऊन पाणी शेंदायचे. दोन बादल्या भरेपर्यंत कळ उतरलेली असायची. चौथ्या महिन्यात एकदा बोट लावलंच दातांना. दुसऱ्या दिवशी सकाळी राखुंडी घेतली आणि पुढे चालू लागले. तुझे अकरा आठवडे दोन झुरक्यांनी वाहून गेले नाहीत. ते तुझेच आहेत.

निशिगंध:
मी दातांची डॉक्टर आहे, तंबाखू सोडणारे पेशंट रोज बघते. आधी झोपेचं. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन भराभर संपवतं. धूर थांबला की तो वेग उतरतो आणि तेच पाच कप अंगात जास्त वेळ राहतात. चहा निम्मा करा, चारनंतर नको. आठवड्याभरात फरक पडला नाही, तर धडधडीसाठी डॉक्टरांना दाखवाच.

तल्लफ टिकते काही मिनिटंच. रात्रीच्या त्या वेळेसाठी निकोटिनचं २ मिलिग्रॅमचं गम जवळ ठेवता येईल, पण आधी डॉक्टरांना विचारून, गरोदर असाल तर नक्कीच. ते च्युइंगगमसारखं सतत चघळायचं नाही. हळू चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, ओसरल्या की पुन्हा चावायचं. चहानंतर पंधरा मिनिटं तोंडात घालू नका, नीट लागू पडत नाही.

आणि नवऱ्याच्या पाकिटावरच १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो. फोन मोफत आहे, पलीकडे समुपदेशक असतात. घरात कुणाला सांगता येत नाही ना, तिथे बोला. खिडकीत ओढणं मात्र बंदच करायला सांगा. धूर आतच येतो आणि घरात लहान मुलगी आहे.

अबोली:
सगळ्यांचे मनापासून आभार. माई, तुमचा निरोप मी तीनदा वाचला.

शनिवारी सकाळी बोलले. सातारकरांच्या तिन्ही अटी तशाच सांगितल्या आणि चौथी माझी: रात्रीची दहा मिनिटं मला परत हवीत, सिगारेटशिवाय. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला वाटलं, तुला आता माझ्याजवळ बसायचंच नाहीये." अकरा आठवडे आम्ही दोघंही हेच समजत होतो.

फ्रिजवरचं पाकीट गेलं. लायटर त्याने नेला, मी गॅससाठी काडेपेटी आणली. चहा तीन कपांवर आलाय. काल रात्री धो-धो पाऊस होता, तरी छत्री घेऊन खाली गेला. वर येऊन हात धुतले, शर्ट बदलला आणि गवती चहा घालून गरम पाणी केलं. गॅलरीत झड होती, म्हणून दारातच दोन पाट टाकून बसलो. लेकीच्या शाळेच्या रिक्षाचं बोलायचं राहिलं होतं, ते बोललो.