एमएस्सी फिजिक्सनंतर अ‍ॅस्ट्रॉनॉमीत जायचंय, पोटापाण्याचं काय?

हिंगोलीकर: मंडळी, एमएस्सीचं शेवटचं वर्ष चालू आहे, आवड खगोलशास्त्राची. आमच्या औंढ्याला लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होतेय, 2023 मध्ये 2,600 कोटी मंजूर झाले म्हणून गावात सगळे म्हणतात तुझी नोकरी पक्की. घरी बाबा विचारतात पगार किती, मला सांगता येत नाही. पीएचडी करू की बीएड करून मोकळा होऊ?

रेडिओवाला: पीएचडीत उपाशी मरत नाही रे. जेस्ट ही पीएचडीची प्रवेश परीक्षा दे, आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या दोन्ही संस्था पुण्यातच आहेत. जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप महिन्याला 37,000, दोन वर्षांनी 42,000, होस्टेल नसेल तर घरभाडं वेगळं. खरी गोची नंतर आहे, पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचा तात्पुरता संशोधक म्हणून दोन वर्षं या देशात तीन वर्षं त्या देशात, आणि पर्मनंट जागा निघते तेव्हा एका खुर्चीला पन्नास जण टपलेले. लायगोचं म्हणशील तर चार-चार किलोमीटरच्या व्हॅक्यूम नळ्या, लेझर, कंट्रोल सिस्टिम, हे येणारी माणसं तिथे आधी लागणार, नुसती थिअरी करून गाव जवळ आहे म्हणून कोणी घेत नाही.

तासिकावाली मॅडम: प्राध्यापकीची सेट परीक्षा झाली, पीएचडी झाली, तरी सीएचबीवरच म्हणजे तासिका तत्त्वावरच आहे. जेवढे तास तेवढे पैसे, मे महिन्यात भोपळा, आणि झालेल्या तासांचं बिल निघायलाही कधी कधी दिवाळी उजाडते. शेजारच्या खोलीत तोच सिलॅबस शिकवणारे पर्मनंट सर, त्यांची सुरुवातच 57,700 बेसिकने. भरतीच्या भरवशावर राहू नकोस एवढंच सांगते.

रेडिओवाला: मॅडमचं खरंय. म्हणून मी बाहेर पडलो. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा म्हणजे मोबाइल टॉवर, विजेच्या तारा, सगळ्यांचा गोंगाट त्यात, तो पायथनने साफ करण्यात माझी पीएचडीची निम्मी वर्षं गेली. आता बँकेच्या अ‍ॅनालिटिक्सला आहे. इंटरव्ह्यूत गॅलक्सीबद्दल एक अक्षर विचारलं नाही, एवढा मोठा डेटा कसा हाताळला तेवढंच विचारलं.

किरणोत्सारी: डिप आरपीचं कोणीच कसं बोलत नाही?? एमएस्सी फिजिक्सवर बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्र) एक वर्षाचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा, मुंबईत अणुशक्तीनगरला. पुढे हॉस्पिटलात इंटर्नशिप. कॅन्सरची रेडिएशन मशीन असा डिप्लोमा केलेल्या मेडिकल फिजिसिस्टशिवाय चालवता येत नाही, एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळ) नियमच आहे, त्यामुळे छोट्या शहरातसुद्धा मागणी आहे. आकाश बघायला रात्री मोकळ्याच असतात.

हिंगोलीकर: हे कॉलेजात कोणी सांगितलंच नाही. जेस्टचा फॉर्म भरतोच, पण डिप आरपीला एमएस्सीचे किती टक्के लागतात?

किरणोत्सारी: आमच्या वेळी 60 होते. बीएस्सीचे मार्कपण बघतात, जाहिरात नीट वाच.