माध्यमिक शाळेत लिपिक म्हणून रुजू झाले, दाखल्याची गर्दी कशी सांभाळू?

नवी लिपिक: दहावीच्या निकालानंतर खिडकीवर रांग लागते, पालक चिडतात. साडीच नेसावी का, इथपासून शंका आहेत.

निवृत्त मुख्य लिपिक: ताई, ड्रेस खुशाल घाला, ओळखपत्र गळ्यात हवं. पत ठरते ती जनरल रजिस्टरवर, म्हणजे ज्यावरून दाखला लिहितात त्या विद्यार्थ्यांच्या नोंदवहीवर. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दोन्ही ताडून पाहा. पासपोर्टपर्यंत तोच दाखला जातो. कुणी कितीही गळ घातली तरी नोंद परस्पर बदलू नका, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते.

दुसऱ्या शाळेतली लिपिक: अर्ज घेताच आवक नंबर टाकून पोच द्या. ‘उद्या बघू’ऐवजी ‘गुरुवारी तीनला या’ म्हणा, आणि गुरुवारी दाखला तयार ठेवा.

नवी लिपिक: आधारवर नाव वेगळं असेल तर?

निवृत्त मुख्य लिपिक: दाखल्यावर रजिस्टरचंच नाव. आधार पालकांनी दुरुस्त करून घ्यायचं. केंद्र कुठे आहे तेवढं नीट समजावून सांगा.