स्वतःहून मध्यावर येणारी स्प्रिंगची स्ट्रायकर पट्टी

प्रश्न: दार लावताना लॅचची जीभ चौकटीवरील स्ट्रायकर पट्टीच्या (जिच्या भोकात ही जीभ अडकते, त्या पट्टीच्या) भोकाच्या खालच्या कडेवर आपटते. दोन्ही बाजूंनी स्प्रिंग असलेली, सरकणारी पट्टी बसवल्यास हा त्रास जाईल का?

उत्तर १: जाईल, पण पट्टी जितकी सरकू शकते तेवढ्याच मर्यादेत. भोकाच्या कडा उतरत्या असल्या, तरच जिभेचा दाब पट्टीला बाजूला ढकलतो. जीभ बाहेर पडताच समोरासमोरच्या सारख्या ताकदीच्या स्प्रिंगा पट्टीला पुन्हा मध्यावर आणतात. स्प्रिंगा आधीपासून थोड्या दाबलेल्या नसतील, तर मात्र दार खडखडत राहील.

उत्तर २: त्याआधी वरची बिजागरी तपासावी. तिचे स्क्रू सैल झाले की दार लॅचच्या बाजूने झुकते, आणि झुकणाऱ्या दाराला कोणतीही पट्टी फार काळ पुरत नाही. जिभेला खडू फासून दार लावल्यास ती नेमकी कुठे घासते, ते दिसेल.

प्रश्नकर्ता: खडूची खूण खालच्या कडेवरच उमटली, आणि वरच्या बिजागरीचा एक स्क्रू तर बोटानेच फिरला!