लडाखचा रस्तेप्रवास : चौदा जणांचा गट, वय २४ ते ६८ – मुक्काम कसे ठरवावेत?

प्रश्न (नाशिककर)

नमस्कार. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चार कुटुंबांतील चौदा जण रस्त्याने लडाखला जाण्याचे ठरवत आहोत. सर्वांत ज्येष्ठ माझे मामा ६८ वर्षांचे असून त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. मनालीहून एकच टेम्पो ट्रॅव्हलर बारा दिवसांसाठी ठरवावी, पहिला मुक्काम सार्चूच्या तंबूत करून दुसऱ्या दिवशी लेह गाठावे, पुढे पँगाँग सरोवर आणि नुब्रा खोरे पाहून कारगिलमार्गे श्रीनगरला उतरावे, असा कच्चा आराखडा आहे. ही दिशा ज्येष्ठांना झेपेल का? एकाच गाडीने सर्व प्रवास होईल का? गटातील एका मावसभावाकडे अमेरिकेचे पारपत्र आणि ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड आहे. त्याच्यासाठी वेगळी परवानगी लागते का?

प्रतिसाद (डोंगरवाट)

आपला आराखडा जसाच्या तसा उलटा करावा, असे मी आग्रहाने सुचवेन. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि सार्चू सुमारे ४,३०० मीटरवर. म्हणजे पहिल्याच दिवशी सव्वादोन हजार मीटर चढून आपण मामांना तंबूत झोपवणार आहात, आणि रात्री दोन वाजता त्यांना विरळ हवेचा त्रास सुरू झाला तर खाली उतरण्यासाठी एका बाजूला बारालाचा खिंड व दुसऱ्या बाजूला त्याहून उंच दोन खिंडी आहेत. याउलट श्रीनगर साधारण १,६०० मीटर, कारगिल सुमारे २,७०० आणि लेह ३,५०० मीटरवर असल्यामुळे त्या बाजूने शरीराला पायरीपायरीने सवय होत जाते. वाटेत ४,१०८ मीटरची फोटू ला (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडावी लागते, परंतु दिवसा किती उंच गेलो यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो याला अधिक महत्त्व आहे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. कारगिलहून लेहला येताना तो थोडा मोडतो, म्हणून लेहमध्ये दोन पूर्ण दिवस विश्रांतीसाठी ठेवावेत, आणि विश्रांती म्हणजे गोंपांच्या (बौद्ध मठांच्या) पायऱ्या चढणे नव्हे. त्यानंतर पँगाँगच्या आधी नुब्रा करावे : खार्दुंग ला ५,३५९ मीटरवर असली तरी नुब्रातील मुक्कामाचे गाव हुंदर लेहपेक्षा खालीच आहे, तर पँगाँगला सव्वाचार हजार मीटरवर झोपावे लागते.

उंचीचा त्रास टाळण्यासाठी घेतली जाणारी डायमॉक्सची गोळी सर्वांना सरसकट वाटू नये. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांना ती देताना विशेष काळजी घ्यावी लागते, आणि मामांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असल्यास त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोलणे आवश्यक आहे.

प्रतिसाद (स्टेपनी)

एका गाडीचा विचार सोडून द्यावा. बाहेरून आलेल्या भाड्याच्या गाडीला लेहपर्यंत प्रवासी सोडता येतात. नुब्रा आणि पँगाँगसाठी मात्र स्थानिक गाडीच घ्यावी लागते. त्यामुळे श्रीनगर ते लेह, लडाखमधील फिरणे आणि लेह ते मनाली अशा तीन स्वतंत्र ठरावांचा हिशेब सुरुवातीलाच मांडावा. लडाखमध्ये चौदा जणांसाठी तीन लहान गाड्या घेतल्यास खर्च थोडा वाढेल, परंतु कोणाला तातडीने खाली न्यायचे झाल्यास एक गाडी परत फिरू शकते आणि उरलेल्यांचा प्रवास थांबत नाही.

नुब्रा व पँगाँगसाठी भारतीयांना लागणारी इनर लाइन परमिटची (सीमाभागात जाण्याच्या परवान्याची) अट ऑगस्ट २०२१ मध्ये काढण्यात आली, तरी पर्यावरण शुल्क ऑनलाइन भरून त्याची पावती घ्यावी. पावतीच्या छापील प्रती जवळ ठेवाव्यात. ओसीआय कार्ड असले तरी मावसभावाला परदेशी नागरिकांप्रमाणे प्रोटेक्टेड एरिया परमिटच (संरक्षित भागात जाण्याचा परवाना) लागेल, आणि ते लेहमधील नोंदणीकृत प्रवास संस्थेमार्फत घ्यावे. महाराष्ट्रातील प्रीपेड सिम तेथे चालत नाही. म्हणून प्रत्येक गाडीत किमान एक पोस्टपेड क्रमांक असावा. परतीच्या प्रवासात टाकी लेह किंवा त्याजवळच्या कारू येथे पूर्ण भरावी आणि त्यानंतर थेट मनालीच्या बाजूच्या टांडीपर्यंत पंपाचा भरवसा धरू नये.

प्रतिसाद (जुना सारथी)

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, मात्र तारखांबद्दल माझे मत वेगळे आहे. लडाख पर्जन्यछायेत असल्यामुळे ऑगस्ट तेथे कोरडा असतो असे सांगितले जाते, परंतु तेथे पोहोचवणारे रस्ते पर्जन्यछायेत नाहीत. जुलै २०२३ मध्ये बियास नदीच्या पुराने कुलू-मनालीचा रस्ता जागोजागी वाहून गेला होता, आणि खुद्द लेहमध्येही ऑगस्ट २०१० मध्ये ढगफुटीने मोठी जीवितहानी झाली होती. शक्य असल्यास सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरावा आणि कोणत्याही स्थळासाठी न राखलेले दोन दिवस हातात ठेवावेत. बर्फ वितळून येणारे नाले दुपारनंतर फुगतात, म्हणून पहाटे निघणे श्रेयस्कर.

गटप्रवासातील खरी अडचण मला विरळ हवेपेक्षा भिडेची वाटते. आमच्या एका सहलीत गटातील काकांनी दीड दिवस डोकेदुखी लपवली, कारण आपल्यामुळे सर्वांचे पँगाँग बुडेल अशी त्यांना भीती होती. उलट्या सुरू झाल्यावरच ते बोलले. तेव्हापासून आम्ही रोज सकाळी चहाच्या वेळी प्रत्येकाला एकेकटे विचारतो : झोप लागली का, डोके दुखते का, जेवण गेले का. चालताना कोणाचा तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर चर्चा न करता खाली उतरायचे. हा निर्णय कोण घेणार, तेही नाशिकमध्येच ठरवून टाकावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (नाशिककर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दिशा बदलली आहे, प्रवास ४ सप्टेंबरला सुरू करून चौदा दिवसांचा केला आहे आणि खाली उतरण्याचा निर्णय माझ्या वहिनींकडे सोपवला आहे, कारण त्यांच्यापुढे मामादेखील वाद घालत नाहीत. एक शंका उरते. परतताना सार्चू टाळून लेहहून एका दिवसात बारालाचापलीकडचे, सार्चूहून खालचे जिस्पा गाव गाठावे का?

प्रतिसाद (डोंगरवाट)

अंतर सुमारे ३३० किलोमीटर असून वाटेत तांगलांग ला, लाचुलुंग ला, नकी ला आणि बारालाचा अशा चार खिंडी आहेत. पहाटे साडेचारला निघालात तर संध्याकाळी पोहोचाल, परंतु ज्येष्ठांची कंबर त्या दिवशी जाब विचारेल. तोपर्यंत आपण पँगाँगला जवळजवळ सार्चूइतक्याच उंचीवर झोपलेले असाल, तेव्हा तेथे कोणाला त्रास झाला नसेल तर परतीला सार्चूचा मुक्काम करण्यास हरकत नाही. पँगाँगची रात्र पाहून ठरवा आणि तोवर जिस्पाचे आरक्षण रद्द करता येईल असेच ठेवा.