चिखलीच्या शिवारातल्या चिबड जागेत मुरूम भरून घर बांधता येईल का?

नदीकाठची सून
नमस्कार. सासऱ्यांच्या नावावर कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या शिवारात १४ गुंठे आहेत. निम्म्यात ऊस येतो, उरलेला तुकडा चिबड. दिवाळीपर्यंत पाणी हटत नाही, लव्हाळा माजतो, शेकाटे आणि बगळे कायम. धाकट्या दिरांना तिथं घर बांधायचंय. एजंट म्हणतो, आधी मुरूम टाकून घ्या, मग एनए (बिगरशेती) होतंय. सासरे तयार नाहीत, २०१९ ला त्या बांधावरून होडी गेलेली त्यांनी बघितलीय. ही जागा कायद्यानं पाणथळ ठरते का? परवानगी कुणाची लागते? घरात रोज यावरून ताणाताणी होते, म्हणून विचारते.

शाहूपुरीकर
मुरूमही असाच टाकता येत नाही. गौण खनिजाची रॉयल्टी भरल्याची पावती गाडीबरोबर लागते. एजंटाकडं आधी ती मागा.

हद्दीचा दगड
ताई, मी मोजणी खात्यात होतो, नदीकाठची शिवारं पायाखालची आहेत. सविस्तर लिहितो.

पाणथळीचे केंद्राचे नियम २०१७ चे. त्यांतून नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेत. शिवाय इस्रोच्या २०११ च्या नकाशातल्या सव्वादोन हेक्टरांवरच्या दोन लाखांहून जास्त पाणथळींना सुप्रीम कोर्टानं संरक्षण दिलंय. तुमचे काही गुंठे त्या मापात येत नाहीत. पण तेच पाणी शेजारच्या गटांतून सलग पसरत असेल, तर पाणथळ एक आणि मालक अनेक. ती नोंदलेली आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा. नोंदलेली निघाली तर भराव बंद, राडारोडा बंद, आणि पूरपातळीपासून ५० मीटरपर्यंत पक्कं बांधकाम नाही.

नोंदलेली नसली तरी सुटका नाही, कारण तुमची खरी अडचण पूररेषा आहे. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, तिथं नवं घर विसरा. निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येतं, पण राज्याच्या २०२० च्या एकात्मिक बांधकाम नियमावलीप्रमाणं जोतं लाल रेषेच्या पातळीच्या किमान ०.४५ मीटर वर हवं. लोक हा दीड फूट जमिनीपासून मोजतात. तो लाल रेषेपासून मोजायचा असतो, आणि चिखलीत लाल रेषा माणसाच्या डोक्यावरून जाऊ शकते.

म्हणून आधी भूमी अभिलेखकडून मोजणी, मग जलसंपदा विभागाकडून तुमचा गट पूररेषेच्या नकाशावर कुठं पडतो याचा लेखी दाखला, मग झोन दाखला, म्हणजे जमीन कुठल्या वापराच्या पट्ट्यात येते त्याचा. एनएचा विषय त्यानंतर. या कागदांआधी एकही डंपर आत घेऊ नका.

आणि भरावाचं मनापासून सांगतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांपुढं गेलं. तुमच्याच गावाजवळ नद्यांचा संगम आहे, तिथून पुढं पाणी लवकर सरकत नाही. ते थोपून राहायला अशीच सखल रानं उरलीत. तुमचं चिबड भरलं की तेवढं पाणी शेजारच्या उसात चढणार, आणि तो शेजारी तुमच्या भावकीतलाच असणार.

बावड्याचा शेतकरी
काकांचं पटतं. पण पाणी साठवायचं गावासाठी, शहरासाठी, आणि जमीन अडकायची एकट्याची? पीक बुडालं तर पंचनामा होतो. जागा मोकळी ठेवणाऱ्याला कोण काय देतं?

हद्दीचा दगड
काहीच देत नाही, आणि हा अन्याय आहे. ग्रामसभेत ठराव करून हे मांडायलाच पाहिजे. पण तोवर दिरांना घर हवंय. ताई, चिखलीच्या पूरग्रस्तांना सोनतळीला प्लॉट दिलेत. तुमच्या घराण्याच्या नावचा आहे का, विचारा.

नदीकाठची सून
आहे! आजेसासऱ्यांच्या नावचा, पडूनच आहे. ते वारले, पण वारसांची नावं लागलेली नाहीत. दिरांना आजच सांगते.

हद्दीचा दगड
मग वारस नोंदीचा अर्ज आधी करा. मृत्यूचा दाखला काढून ठेवा. आणि आत्यांची नावं अर्जात घालायला विसरू नका, नोंद तिथंच अडकते.